टी-206 बेसबॉल कार्डं: मागची दुर्मिळ जाहिरात कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत घर रिकामं करताना होणाऱ्या एका विक्रीतून वीसेक जुनी बेसबॉल कार्डं हाती आली आहेत. समोर पांढऱ्या कडेच्या चौकटीत खेळाडूचं रंगीत चित्र आणि मागे सिगारेटची जाहिरात. बहुतेकांवर पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल, दोन-तीन कार्डांवर निराळीच नावं. मागची जाहिरात दुर्मिळ असेल तर साध्या खेळाडूचं कार्डही कित्येक पट महाग जातं, असं ऐकलंय. ते ओळखायचं कसं आणि फसगत कुठे होते?

ऐकलंय ते खरं आहे. संग्राहक मागच्या बाजूला 'बॅक' म्हणतात. मी पाठ म्हणेन. पाठ वाचताना चार गोष्टी क्रमाने बघायच्या: ब्रँड, मालिकेचा आकडा, कारखान्याचा क्रमांक आणि शाईचा रंग. या चार नोंदी झाल्या की कार्ड उलटं करून पाचवा प्रश्न विचारायचा: समोरच्या या चित्राला ही पाठ मुळात लागलेली असू शकते का? नवखे लोक पहिल्या चारांवर थांबतात. बनावट माल आणि चुकीची ओळख सर्वांत जास्त पकडली जाते ती मात्र पाचव्या प्रश्नावर.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पाचव्या प्रश्नाचं उत्तर लागत नाही. ही कार्डं 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटांतून वाटली गेली. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. टी-206 हे नाव पुढे जेफरसन बर्डिक यांनी आपल्या कार्डसूचीत दिलं. त्यातला 'टी' विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांसाठी आहे. समोरची चित्रं साधारण 524 धरली जातात. कंपनीच्या हाताखाली ढीगभर ब्रँड होते. चित्रांचे कागद तेच, मागे मात्र ज्या ब्रँडची मागणी असेल त्याची जाहिरात छापली जायची. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल खपाने मोठे, म्हणून त्यांच्या पाठी पोत्याने सापडतात. ड्रम किंवा लेनॉक्ससारख्या ब्रँडच्या पाठी थोड्याच छापल्या गेल्या आणि त्यातल्याही थोड्याच टिकल्या. शिवाय तीन वर्षांत चित्रांचे संच बदलत गेले, त्यामुळे कुठल्या चित्रामागे कुठली जाहिरात आली याला छापखान्याच्या वेळापत्रकाची मर्यादा आहे. पाचवा प्रश्न उभा राहतो तो या मर्यादेवर.

कार्ड टी-206च आहे ना, याची खात्री आधी करा. माप साधारण 1 7/16 इंच रुंद आणि 2 5/8 इंच उंच, म्हणजे 36.5 बाय 66.7 मिमीच्या आसपास. खालच्या पांढऱ्या कडेत तपकिरी शाईत आडनाव आणि गाव किंवा संघ. कार्डावर अनुक्रमांक नसतो. कड सोनेरी असेल तर ते 1911चं टी-205, चित्रामागची जमीन तपकिरी असेल तर 1912चं टी-207, कड लाल आणि मागे ओल्ड मिल असेल तर टी-210. या तिन्ही मालिकांत दुर्मिळ पाठी आहेत, पण त्यांची गणितं वेगळी. टी-205मध्ये ड्रम आणि तपकिरी शाईतल्या 'हिंदू' ब्रँडच्या पाठी शोधतात. टी-207मध्ये रिक्रूट सर्रास मिळते, तर ब्रॉडलीफ आणि सायकल लवकर मिळत नाहीत. एका मालिकेचा भाव दुसरीला लावू नका.

सगळ्यांत जास्त घोळ कूपन सिगारेटच्या पाठीवरून होतो. पांढरी कड, तीच चित्रं, खालचं नावही तपकिरी शाईत, पण कागद बोटाला पातळ लागतो. हे 1910च्या सुमाराचं कार्ड टी-213चा पहिला प्रकार म्हणून ओळखलं जातं. काही जाणकार त्याला टी-206 कुटुंबातच धरतात आणि त्यांचं म्हणणं निराधार नाही. सूचीत मात्र ते वेगळं आहे. खालचं नाव निळ्या शाईत असेल तर ते नक्की टी-206 नाही. मग ते कूपनचा नंतरचा प्रकार किंवा रेड क्रॉसचं टी-215 वगैरे असण्याची शक्यता जास्त.

आता ब्रँड. टी-206च्या पाठींवर सोळा नावं मोजतात. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल सर्वसामान्य. ओल्ड मिल, पोलर बेअर, सॉव्हरिन, टॉल्स्टॉय, एल प्रिन्सिपे दे गालेस, अमेरिकन ब्यूटी, सायकल आणि तपकिरी शाईतली हिंदू या मधल्या फळीतल्या: शोधाव्या लागतात, पण सापडतात. कॅरोलायना ब्राइट्स, ब्रॉड लीफ, लाल हिंदू, उझिट, लेनॉक्स आणि ड्रम दिसली की कार्ड खाली ठेवून हात धुऊन या. या गटातही उतरंड आहे. ब्रॉड लीफची 460 आकड्याची पाठ 350च्या पाठीपेक्षा कितीतरी दुर्मिळ, आणि तपकिरी लेनॉक्स काळ्या लेनॉक्सपेक्षा. तपकिरी ओल्ड मिल आणि टाय कॉब (खेळाडूच्याच नावाचा ब्रँड) या पाठी वर्षानुवर्षं गोळा करणाऱ्यांच्याही हाताला लागत नाहीत. टाय कॉबला टी-206 म्हणायचं की नाही यावर जुना वाद आहे, त्याकडे पुढे येतो.

मालिकेचा आकडा बहुतेक पाठींवर 150, 350, 350-460 किंवा 460 'सब्जेक्ट्स' असा छापलेला असतो. पोलर बेअरसारख्या काही पाठींवर तो नसतोच, त्यामुळे नसला म्हणून घाबरायचं कारण नाही. हा आकडा त्या वेळी किती चित्रं जाहीर झाली होती ते सांगतो, म्हणजे कार्ड कोणत्या टप्प्यात छापलं गेलं ते कळतं. सायकल, अमेरिकन ब्यूटी, सॉव्हरिन, एल प्रिन्सिपे यांच्या पाठी एकापेक्षा जास्त आकड्यांत येतात आणि सायकल किंवा अमेरिकन ब्यूटीच्या बाबतीत 460चा आकडा भाव वर नेतो. अमेरिकन ब्यूटी 350चे आणखी दोन पोटप्रकार आहेत: मजकुराभोवती चौकटीची रेघ असलेला आणि नसलेला. विकणारा नुसतं 'अमेरिकन ब्यूटी' म्हणाला तर यातलं कोणतं ते विचारायलाच हवं.

तिसरी गोष्ट कारखाना. पाठीच्या तळाशी 'फॅक्टरी नंबर' आणि पुढे महसुली जिल्हा व राज्य अशी बारीक ओळ असते. करवसुलीच्या कायद्याने तंबाखूच्या प्रत्येक कारखान्याला क्रमांक होता, तोच हा. पीडमाँटवर नेहमी दिसतो तो 25, दुसरा जिल्हा, व्हर्जिनिया. तिथे 42, चौथा जिल्हा, नॉर्थ कॅरोलायना दिसला तर थांबा. तो फार कमी दिसतो. स्वीट कॅपोरलवर 25 आणि न्यूयॉर्कचा 30 हे नित्याचे. 42 कमी. न्यूयॉर्कच्या पहिल्या जिल्ह्याचा 649 हा 150 आकड्याच्या पाठीवर येतो, तोही मोजक्या 34 चित्रांमागेच. त्यामुळे ढिगातल्या स्वीट कॅपोरल पाठी 'साध्या' म्हणून एका बाजूला सारण्याआधी तळाची ओळ भिंगाखालून प्रत्येकीची वाचा. वीस कार्डांत काही निसटणार असेल तर इथेच निसटतं.

कार्ड वाकडं कापलेलं असेल तर ही ओळ अर्धी किंवा पूर्ण उडालेली असते. मग कारखाना अंदाजाने ठरवू नये. 'ओळ कापलेली' एवढीच नोंद करावी. उलट पाठीच्या वरच्या बाजूला शेजारच्या कार्डाच्या मजकुराचा तुकडा आला असेल तर तो स्वतंत्र कुतूहलाचा विषय आहे, कारण त्यावरून मोठ्या कागदावर कार्डांची मांडणी कशी होती याचा अंदाज लागतो. असे वाकडे काप शोधणारे लोक वेगळे आहेत आणि ते चांगले पैसे देतात.

रंगावर जरा जास्त वेळ घालवू, कारण पैसे बुडतात ते इथे. पीडमाँट निळी, स्वीट कॅपोरल लाल, अमेरिकन ब्यूटी हिरवी, ओल्ड मिल आणि टॉल्स्टॉय काळी, उझिट निळी. पोलर बेअरची ओळख सोपी: गडद निळी भरीव जमीन आणि तिच्यात पांढरी अक्षरं. एकाच ब्रँडचे दोन रंग असतात तेव्हा अडचण होते. लेनॉक्स काळी आणि तपकिरी. हिंदू तपकिरी आणि लाल. ओल्ड मिल काळी आणि क्वचित तपकिरी. सॉव्हरिनमध्ये गडद हिरवा आणि फिकट, हिरव्या सफरचंदाचा असे दोन हिरवे.

शंभर वर्षांचा कागद पिवळट-तपकिरी झालेला असतो. त्यावरची काळी शाई फोटोत हटकून तपकिरी दिसते. स्कॅनरने आपोआप रंग सुधारला असेल तर आणखीच. म्हणून फोटोवरून 'तपकिरी लेनॉक्स' कधीही ठरवू नका. कार्ड दिवसाउजेडी खिडकीपाशी न्या, थेट उन्हात नको. खाली कोरा करडा कागद ठेवा. पांढराशुभ्र कागद डोळ्याला फसवतो. शेजारी खात्रीची काळी पाठ ठेवा, ओल्ड मिल किंवा टॉल्स्टॉय. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून सर्वांत जाड अक्षराच्या मध्यभागी बघा. काळी शाई कितीही विरली तरी जाड भागाच्या पोटात काळीच राहते आणि फक्त कडांना तपकिरी झाक दिसते. खरी तपकिरी शाई अक्षराच्या मध्यापासून कडेपर्यंत सारख्याच रंगाची असते. तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांत हे पडताळा. एका अक्षरात तपकिरी आणि दुसऱ्यात काळं दिसलं तर ती काळीच, किंवा कुणीतरी रसायन लावलेलं.

लाल हिंदूबद्दल एक जास्तीची गोष्ट. तपकिरी हिंदूत लालसर झाक असलेल्या पाठी भेटतात. लाल म्हणजे स्वीट कॅपोरलच्या जवळपास जाणारा उघड लाल. शेजारी तपकिरी हिंदू ठेवली की शंका उरत नाही. ठेवूनही उरत असेल तर ती तपकिरी समजून चाला.

आता पाचवा प्रश्न: समोरचं चित्र आणि मागची पाठ यांची जोडी. काही जोड्या तोंडपाठच असायला हव्यात. होनस वॅगनरचं कार्ड फक्त पीडमाँट 150 आणि स्वीट कॅपोरल 150 या पाठींवर येतं. दुसऱ्या कोणत्याही पाठीचा वॅगनर कुणी दाखवला तर समोरची बाजू बघण्याचीही गरज नाही. शेरी मॅगीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं 'मॅजी' कार्ड फक्त पीडमाँट 150वर. एडी प्लँक स्वीट कॅपोरल 150 आणि 350वर, थोडासा पीडमाँट 150वर. जो डॉइलच्या हात वर केलेल्या चित्राखाली न्यूयॉर्कपुढे 'नॅशनल' (म्हणजे नॅशनल लीग) या शब्दाची संक्षिप्त अक्षरं असतील तर ते फक्त पीडमाँट 350वर. डॉइलचं ती अक्षरं नसलेलं कार्ड साधं आहे आणि बऱ्याच पाठींवर येतं, म्हणून खोडसाळ लोक त्यावर ती अक्षरं नंतर चिकटवतात किंवा रंगवतात. ती अक्षरं आहेत आणि मागे स्वीट कॅपोरल आहे, एवढं दिसलं की विषय संपतो.

याच्या उलटही घडतं. रे डेमिट आणि बिल ओ'हारा या दोघांची सेंट लुईस संघाची कार्डं फक्त पोलर बेअरच्या पाठीवर आहेत. इथे पाठ स्वतः फार दुर्मिळ नाही, पण त्या पाठीच्या दुसऱ्या बाजूला सेंट लुईसचा डेमिट किंवा ओ'हारा निघाला तर ते कार्ड मोठं आहे. त्यामुळे पोलर बेअरची पाठ दिसली की कार्ड उलटं करून नाव आणि संघ दोन्ही वाचायचे. याच दोघांची न्यूयॉर्क लिहिलेली कार्डं साधी आहेत.

दक्षिणेतल्या लीगचे 48 खेळाडू आहेत. चित्राखाली नॅशव्हिल, मेम्फिस, माँटगोमेरी, लिंचबर्ग, डॅनव्हिल, सॅन अँटोनियो अशी गावं. हे खेळाडू पीडमाँट 350 आणि ओल्ड मिलवर येतात आणि त्यांतले 34 तपकिरी हिंदूवर. स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन किंवा ड्रमवर दक्षिणेचा खेळाडू दिसला तर पाठ बदललेली आहे असं धरून तपासणी सुरू करा. तपकिरी ओल्ड मिलसुद्धा दक्षिणेच्याच खेळाडूंमागे सापडते, आणि त्या कार्डांच्या कडा बहुधा हाताने कापलेल्या असतात, कारण ती छापखान्यातल्या वाया गेलेल्या कागदातून आली असावीत असं मानलं जातं. एरवी हाताने कापलेली कड म्हणजे भाव पडला. या एका ठिकाणी ती खरेपणाच्या बाजूने जाते.

तसंच टप्प्यांचं. जे चित्र शेवटच्या टप्प्यात आलं ते 150च्या पाठीवर असू शकत नाही, कारण 150 छापलं गेलं तेव्हा ते चित्र तयारच नव्हतं. कोणतं चित्र कोणत्या टप्प्यातलं, याच्या याद्या संग्राहकांनी चिकाटीने तयार केल्या आहेत. दुर्मिळ पाठ हाती आली की त्या यादीत ती जोडी आधी नोंदलेली आहे का ते बघा. नोंद नसेल तर दोन शक्यता: नवीन शोध, किंवा कारागिरी. दुसरी शक्यता कायम पुढे असते.

ही कारागिरी कशी असते ते माहीत हवं. टी-206चा पुठ्ठा थरांचा आहे. भिजवून तो उभा फोडता येतो. खराब झालेल्या दुर्मिळ पाठीच्या कार्डाची मागची बाजू सोलून ती चांगल्या खेळाडूच्या चित्राला चिकटवतात. ओळखायची जागा म्हणजे कड. कार्ड आडवं धरून, कडेवर बाजूने टॉर्चचा उजेड टाकून भिंगातून चारही बाजू फिरवा. नैसर्गिक झिजेत थर जागोजागी फुलतात, कुठे वर कुठे खाली, कोपऱ्यात जास्त. चिकटवलेल्या कार्डात कडेच्या मधोमध एकच सरळ रेघ चारही बाजूंनी फिरते, कधी तिच्यातून गोंद चमकतो. मग पाठ आणि तोंड यांची झीज जुळते का ते बघा. समोरचा डावा-वरचा कोपरा दुमडून मोडलेला असेल तर ती घडी मागे त्याच जागी उमटायलाच हवी. डाग कागदात मुरलेला असेल तर तो दोन्हीकडे थोडा तरी दिसतो. समोर कोपरे गोल झिजलेले आणि मागे टोकदार, असं दिसलं की संपलं.

व्हर्नियर कॅलिपर आणि सोनाराचा 0.01 ग्रॅमचा काटा असेल तर शेजारच्या चार साध्या कार्डांशी जाडी आणि वजन ताडून बघा. मूळ कागदातच फरक असतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. फार जाड किंवा फार पातळ निघालं तर कडेकडे परत जा.

दुसरी कारागिरी आकड्यांची. 25चा 42 करणं किंवा रंगवून 649 आणणं यासाठी आधीचा आकडा खरवडावा लागतो. कार्ड सपाट ठेवून उजेड जवळजवळ जमिनीला समांतर टाका. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात आणि नवीन शाई त्या तंतूंत पसरलेली असते. छापील अक्षराची कड नितळ असते.

तिसरी म्हणजे कोरी पाठ. मागे काहीच न छापलेली टी-206 खरोखर आहेत आणि त्यांना भाव आहे. पण चिकटवहीतून उपटताना पाठ सोललेली कार्डं त्याहून शेकडो पट जास्त आहेत. कोऱ्या पाठीचा पृष्ठभाग समोरच्या कडेइतकाच गुळगुळीत हवा. बोटाला किंचित केसाळ लागत असेल, तिरप्या उजेडात खळगे दिसत असतील, कुठे शाईचा ठिपकाभर अवशेष असेल, तर ती सोललेली.

पुनर्मुद्रणं ओळखायला सोपी. दहापट भिंगातून खेळाडूच्या गालाकडे बघा. मूळ छपाई दगडी लिथोची आहे. रंगाचे ठिपके अनियमित दिसतात आणि नाव-गावाची अक्षरं भरीव शाईची. आधुनिक प्रतीत चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसतात, अगदी अक्षरांच्या आतसुद्धा. काळोखात 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की आधुनिक कागद निळसर-पांढरा लखलखतो, कारण कागद उजळवणारी ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आली. जुना कागद मंद पिवळसर राहतो. चमकलं तर कार्ड गेलं. चमकलं नाही म्हणून ते खरं असं मात्र नाही, जुन्या कोऱ्या कागदावर छापणारेही आहेत. या टॉर्चचा आणखी उपयोग म्हणजे कडेतला गोंद आणि नंतर भरलेला रंग बहुधा आजूबाजूच्या कागदापेक्षा वेगळा दिसतो. आणि पाठीवर ड्रम किंवा उझिट वाचून हुरळण्याआधी टॉप्सचं नाव कुठे आहे का ते बघा. या कंपनीने 2002 साली टॉप्स 206 नावाने छोटी कार्डं काढली, त्यांच्यामागे हेच जुने ब्रँड छापले. समोर आजचा खेळाडू असतो तेव्हा कुणी फसत नाही; जुन्या खेळाडूचं चित्र असलं की फसतात.

रुंदीवरूनही एक गैरसमज. अमेरिकन ब्यूटीची पाकिटं अरुंद होती, म्हणून त्यांची कार्डं मुळातच सुमारे 1/16 इंच, दीडेक मिमी, कमी रुंदीची आहेत. हे माहीत नसलेला माणूस चांगल्या कार्डाला 'कडा कापलेलं' म्हणून बाद करतो. याच्या आड लपून खरोखर कापलेलं अमेरिकन ब्यूटीही विकलं जातं. त्यामुळे इथे रुंदीपेक्षा कडेचा पोत बघा: नव्या पात्याने कापलेली कड स्वच्छ आणि उजळ दिसते, जुनी कड कागदाइतकीच मळलेली असते.

टाय कॉब पाठीकडे वळू. समोर कॉबचं लाल जमिनीवरचं चित्र, मागे हिरव्या शाईत त्याला धूम्रपानाच्या तंबाखूच्या जगाचा राजा म्हणणारी ओळ आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या चौथ्या जिल्ह्याचा 33 क्रमांकाचा कारखाना. समोरच्या बाजूला चकाकी असते, जी इतर टी-206वर नसते. ही पाठ इतर कुठल्याही खेळाडूमागे येत नाही, कॉबच्या बाकीच्या तीन चित्रांमागेही नाही. एकच चित्र, वेगळा कागद-पोत आणि पाकिटाऐवजी तंबाखूच्या डब्याशी जोडलेलं वाटप, म्हणून काही जण हिला टी-206बाहेर ठेवतात. 2016 साली अमेरिकेच्या दक्षिणेत एका कुटुंबाच्या जुन्या सामानात, कागदी पिशवीत, अशी सात कार्डं एकदम सापडली आणि बाजार हादरला. तेव्हापासून 'आमच्याही पिशवीत निघालं' सांगणाऱ्यांची रीघ आहे. लाल कॉब साध्या पाठींवर भरपूर मिळतो, म्हणजे पाठ चिकटवायला कच्चा माल तयारच. चकाकी नसेल तर पुढे बोलू नका.

तुमच्या वीसपैकी काहींच्या मागे वहीचा कागद चिकटलेला असेल, तर ब्रँड वाचताच येणार नाही. नखाने किंवा पात्याने खरवडू नका. साध्या डिस्टिल्ड पाण्यात, खोलीच्या तापमानाला, उथळ ताटलीत कार्ड पूर्ण बुडवून ठेवतात. जुनी पिठाची खळ अर्ध्या तासापासून काही तासांत सुटते. कागद आपणहून सरकला पाहिजे, ओढायचा नाही. मग पाणी बदलून पुन्हा थोडा वेळ, म्हणजे उरलेली खळ जाते. ओलं कार्ड टिपकागदाच्या दोन तावांत ठेवून वर जड पुस्तकं, तासाभराने टिपकागद बदलायचा, आणि त्यानंतर दोन दिवस तसंच दाबून ठेवायचं. घाईने काढलं की कार्ड पोह्याच्या पापडासारखं वळतं. आधी सर्वांत साध्या खेळाडूच्या फाटक्या कार्डावर हात बसवा. निव्वळ पाण्याने भिजवणं या छंदात बहुतेकांना मान्य आहे. ब्लीच, डाग काढणारी द्रव्यं, इस्त्री ही फेरफारात मोडतात. पोलर बेअरच्या कार्डांवर तंबाखूचे डाग असतात, कारण ती सिगारेटऐवजी सुट्या तंबाखूच्या पुडीत जायची. ते डाग काढायच्या फंदात पडू नका.

पीएसए किंवा एसजीसी या कार्डं तपासून दर्जा देणाऱ्या कंपन्यांच्या बंद डबीतलं कार्ड असेल तर लेबलावर पाठीचा ब्रँड आहे का बघा. जुन्या लेबलांवर नुसतं टी-206 आणि खेळाडूचं नाव असायचं. त्यामुळे दुर्मिळ पाठ असलेलं कार्ड साध्या लेबलाखाली पडून राहिलेलं आजही मिळतं, आणि लेबलावर चुकीचा कारखाना लिहिलेलंही मिळतं. डबी उलटी करून स्वतः वाचायचं.

पुण्यात किंवा पणजीत बसून अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून फोटोवर घेणार असाल, तर 600 डीपीआयचे दोन्ही बाजूंचे स्कॅन, रंगसुधार बंद करून, आणि चारही कडांचे जवळून फोटो मागा. पाठीचा एक फोटो तिरप्या उजेडात हवा. लेनॉक्स किंवा हिंदूसाठी त्याच चौकटीत शेजारी साधी काळी पाठ ठेवून काढलेला फोटो मागा. कडांचे फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्या.

तुमच्या दोन-तीन वेगळ्या कार्डांपुरतं सांगायचं तर प्रत्येकासाठी एक ओळ लिहून काढा: खेळाडू, खाली लिहिलेलं गाव, पाठीचा ब्रँड, आकडा, कारखाना व जिल्हा, शाईचा रंग, मिलिमीटरमध्ये रुंदी-उंची. मग जोड्यांच्या यादीत ती ओळ शोधा. कार्डं मऊ स्लीव्हमध्ये (पातळ पारदर्शक पिशवीत) घालून अर्धकडक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या वहीत ठेवू नका, ते प्लास्टिक काही वर्षांत चिकट होतं आणि पाठीची शाई त्याला लागते. तोवर बाकीच्या सतरांच्या तळाच्या ओळी वाचून ठेवा, स्वीट कॅपोरल आधी.